ॲक्युपंक्चर आणि त्वचेची विद्युतवाहकता : यंत्र नेमके काय मोजते?

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला कामगार कंबरदुखीसाठी राजगुरुनगरच्या दवाखान्यात येतो. हातापायांवरील बिंदूंना यंत्राची शलाका टेकविली की आलेख उमटतो व ‘यकृत दुर्बल, वृक्क क्षीण’ असा छापील निष्कर्ष हाती पडतो. या कागदावरून औषध द्यावे काय, याचा विचार वैद्य व औषध विक्रेते या दोघांनीही करणे अगत्याचे आहे.

ॲक्युपंक्चर भारतात आणले ते डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, १९५९ मध्ये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्याच पथकाचे ते सदस्य होते. विद्युतमापनाची जोड मात्र या पद्धतीला अन्यत्र मिळाली. जपानचे डॉ. योशिओ नाकातानी यांनी १९५० च्या सुमारास १२ व्होल्ट दाबाने त्वचेवरील कमी रोधाचे बिंदू शोधले. जर्मनीचे डॉ. राइनहोल्ड फोल यांनी त्याच दशकात औषधाची कुपी परिपथात ठेवून औषध निवडण्याची रीत रूढ केली.

त्वचेचा बाह्य शुष्क थर विजेला रोध करतो. स्वेदग्रंथी घामाने भरल्या की वाहकता वाढते. या ग्रंथींवर अनुकंपी मज्जातंतूंचे नियंत्रण असते. आयुर्वेदाने लोमकूपांना स्वेदवह स्रोतसाचे एक मूल मानले आहे. यंत्राची शलाका मुख्यतः या स्वेदाचीच वार्ता सांगते. सुई टोचल्यावर साधारण एक ते तीन सेकंदांत वाहकता वाढू लागते. परंतु खोकला, दीर्घ श्वास, भीती किंवा नुसता स्पर्श यांनीही ती वाढते. शलाकेचा दाब, त्वचेचा ओलावा, कामगाराच्या तळहाताचे घट्टे व पावसाळी हवा यांनीही आकडा बदलतो.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात बिंदूंविषयीच्या ९ अभ्यासांपैकी ५ अभ्यासांत कमी रोध आढळला. तथापि अभ्यासांचा दर्जा पाहता निर्णायक पुरावा नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये ३० व्यक्तींवर दीड हजाराहून अधिक चाचण्या झाल्या. तपासणाऱ्यास काहीही ठाऊक नसताना यंत्राला ॲलर्जी असलेले व नसलेले यांत भेद करता आला नाही.

म्हणून मापन त्याज्य ठरत नाही; त्याची मर्यादा ओळखावी लागते. उपचारकाळात मापन करावयाचे असल्यास दाब अर्धा व्होल्ट असावा व रजत-क्लोराइडचे विद्युदग्र तळहातावर चिकटवून स्थिर ठेवावेत. सुई दुसऱ्या अंगास टोचावी. प्रथम रुग्णास दहा मिनिटे विश्रांती द्यावी. रुग्णाची तुलना त्याच्याच विश्रांतीकालीन नोंदीशी करावी. केवळ स्पर्श केल्यावर येणारा बदलही नोंदवावा. पेसमेकर असलेल्या रुग्णांवर विजेचा प्रयोग करू नये.

अशा नोंदीवरून रुग्ण उत्तेजित आहे की शांत होत आहे, एवढे अनुमान करता येते. यकृताची वा वृक्काची अवस्था तीवरून कळत नाही. त्यासाठी दर्शन, स्पर्शन, प्रश्न व आवश्यक तेथे रक्त-मूत्र तपासणी हाच मार्ग होय. औषध विक्रेत्यांनीही केवळ आलेखाच्या कागदावर औषध देऊ नये. रुग्णास वैद्याकडे परत पाठवावे. कंबरदुखीचा जो रुग्ण ‘वृक्क क्षीण’ या शब्दांनी घाबरून महिनोन्महिने नको ती औषधे घेत राहतो, त्याच्या आजाराचे खरे निदान तेवढे लांबणीवर पडते.