हात चोळणाऱ्या मुली

१९५४ साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांच्या दवाखान्यात दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसल्या होत्या. दोघींचेही हात साबण लावल्यासारखे एकमेकांवर सारखे चोळले जात होते. रेट यांच्या मनात ते दृश्य घर करून राहिलं. १९६६ साली त्यांनी त्यावर जर्मनमध्ये लिहिलं, पण फारशी दखल कुणी घेतली नाही. स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली अशा ३५ मुलींबद्दल इंग्रजीत लिहिलं, तेव्हा कुठे 'रेट सिंड्रोम' हे नाव रुळलं.

साधारण दहा हजार मुलींमागे एकीला होणारा हा आजार सुरुवातीला कळतच नाही. मूल हसतं, बसतं, खेळणं उचलतं. मग सहा ते अठरा महिन्यांच्या सुमारास घड्याळ उलटं फिरतं: आलेले शब्द जातात, हातातली पकड जाते. म्हणूनच बालमेंदूतज्ज्ञ आधी प्रश्न विचारतात. काय येत होतं? ते कधी गेलं? मग टेपने डोक्याचा घेर मोजतात, कारण इथे त्याची वाढ मंदावते. रक्ताची जनुकीय तपासणी त्यानंतर.

त्या तपासणीत काय शोधायचं, हे १९९९ साली कळलं. ह्यूस्टनच्या हुदा झोग्बी मूळच्या बालमेंदूतज्ज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळेला एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी-२ या जनुकात दोष सापडला. या जनुकापासून बनणारं प्रथिन मेंदूतल्या पेशींमध्ये इतर असंख्य जनुकांच्या कामावर लगाम ठेवतं. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो, त्यामुळे तिच्या मेंदूत धड आणि सदोष पेशी शेजारी-शेजारी नांदतात. मुलग्याकडे दुसरा एक्स नसतो, म्हणून त्याचे हाल बहुधा अधिक.

"आमचं काय चुकलं?" हा आईवडिलांचा प्रश्न ठरलेला. काहीच नाही. जनुकातला हा बदल बहुतेक वेळा नव्यानेच, बरेचदा वडिलांच्या शुक्रपेशीत, झालेला असतो.

मग चांगलं जनुक वरून घालणं सोपं का नाही? इथे मिठासारखा हिशेब आहे. जनुकाची एक प्रत जास्त झाली, तरी वेगळाच गंभीर आजार होतो. मात्र २००७ साली एडिनबरात एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांमध्ये बंद ठेवलेलं हेच जनुक पुन्हा चालू केलं आणि लक्षणं बरीचशी ओसरली. म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या. २०२३ साली अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली, पण ते जनुक दुरुस्त करत नाही, आणि जुलाबांनी अनेकींना हैराण करतं.

जनुक दुरुस्त करता येईपर्यंत फिट्सची औषधं, पाठीच्या कण्यावर लक्ष, आणि डोळे. हात ऐकत नसले तरी या मुली रोखून बघतात. दूध आणि केळं अशी दोन चित्रं समोर धरायची, काय हवं ते विचारायचं आणि थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो.