नक्षी शाबूत, टायर म्हातारा

टायर फुटणे ही दैवी घटना नसून माणसाचा निष्काळजीपणा आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. अपघात ऑक्टोबर २०१० चा. पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी खोल दरीत गेली आणि एक प्रवासी जागीच दगावला. टायर फुटला त्याला चालक काय करणार, हा विमा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि सव्वा कोटीची भरपाई कायम ठेवली. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान ही कारणे न्यायालयाने गणली. पदार्थविज्ञान न्यायालयाच्याच बाजूने आहे. गिरगाव-परळच्या गाडीमालकांना तर ते जरा जास्तच दोषी धरेल.

कारण इथली मोटार चालते कमी आणि उभी राहते फार. गिरगावच्या वाडीत किंवा लालबागच्या गल्लीत ती आठवडाभर कव्हरखाली असते. निघालीच तर हिंदमाता ते दादर टीटी एवढ्यात पहिला-दुसरा गिअर सोडत नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांनीही नक्षी खोल दिसते आणि मालक म्हणतो, टायर तर अजून नवाच आहे. पण नक्षी झिजते किलोमीटरांच्या हिशेबाने, रबर मात्र वर्षांच्या हिशेबाने म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आतून-बाहेरून रबरात मुरतो आणि ते कडक करतो. ओझोन बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा पाडतो. त्याला अडवणारे मेण रबरात मिसळलेले असते, पण ते पृष्ठभागावर नीट पसरायला टायर फिरत, दबत राहावा लागतो. उभ्या गाडीचे इथेच नुकसान होते. आपला नियम नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी असे सांगतो. वय मात्र टायरवरच वाचावे लागते. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘३११९’ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला शोधावेत. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायला आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही चांगली असो, टायर बदलायला सांगतात.

दुसरा गैरसमज याहून चिवट आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही. हिशेब करून पाहू. तीस अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर साठ अंशांपर्यंत तापला, तर दाब पाचेक पीएसआयनेच वाढतो. धडधाकट टायर याच्या कित्येक पट दाब सोसतो. उलट हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या दबण्यातली ऊर्जा उष्णता होऊन रबरातच साठते आणि वेगात पोलादी तारांचा पट्टा रबरापासून सुटू लागतो. कडक झालेल्या जुन्या रबरात हे लवकर घडते. अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीला ऑगस्ट २००० मध्ये लाखो टायर परत मागवावे लागले, ते नक्षीचा थर असा सुटून आल्यामुळे. टायरची घडण आणि फोर्डने आपल्या गाड्यांसाठी सुचवलेला अवघा २६ पीएसआय दाब यांवरून दोन्ही कंपन्यांत जुंपली. त्यानंतरच्या कायद्यातून तिथल्या नव्या गाड्यांत दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आता ती यंत्रणा आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांत असते, मग तपासायचे कशाला? तिचा अमेरिकी निकष असा की दाब पाव हिश्शाने उतरला की दिवा लागावा. म्हणजे ३२ चा २४ होईपर्यंत ती गप्प राहू शकते. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६३ मध्ये विमानाच्या चाकांसाठी मांडलेले, टायर किती वेगाला पाण्यावर तरंगतो याचे सूत्र इथे लावून पाहा. रस्त्यावरचे पाणी नक्षीला पुरून उरले, तर ३२ पीएसआयचा टायर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला पाण्यावर तरंगू लागतो, २४ चा ८२ लाच. मोटारीचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण दिशा तीच. शहरात गाडी हळूच तर चालते, हा आक्षेप शिवडीपर्यंतच टिकतो. तिथून अटल सेतूवर चढले की मोटारींची मर्यादा ताशी १०० आहे, आणि पाऊस आपल्याकडे चार महिने असतो.

चांगला टायरही महिन्याला एखाद-दोन पीएसआय गमावतो. म्हणून हवा महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, गाडी फार चालण्यापूर्वी, टायर थंड असतानाच पाहावी. तापलेल्या टायरमधली हवा सोडू नये. आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरचा धरावा, टायरवर लिहिलेला नव्हे. तो कमाल मर्यादेचा असतो. गणपतीला कोकणात निघायचे असेल, तर चारही टायरांचे आणि डिकीत विसरलेल्या स्टेपनीचे वयाचे चार आकडे या रविवारीच वाचून घ्या.