कचऱ्याचे मोल आणि माणसाचे मोल

‘चक्रीय अर्थव्यवस्था’ आणि ‘सामाजिक उद्योजकता’ हे दोन शब्द हल्ली चर्चासत्रांत वारंवार कानी पडतात. पहिल्याचा अर्थ असा की, वापरून झालेली वस्तू फेकून न देता तिच्यातून पुन्हा उपयोगाची वस्तू घडवावी. दुसऱ्याचा असा की, समाजाची गरज भागविणारा उद्योग उभारावा व त्याची मिळकत त्याच कामी लावावी. दोहोंच्या संयोगातून शाश्वत विकास साधेल, असे सांगतात. परभणी जिल्ह्यातून या मांडणीकडे पाहताना मला एकच प्रश्न पडतो : हे चक्र फिरविणार कोण आणि फळ कोणाच्या पदरात पडणार?

कारण असे चक्र आपल्याला नवे नाही. गावगाड्यात काहीच वाया जात नसे. मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोराने कमवायचे आणि त्याच कातड्याची मोट शेतकऱ्याच्या विहिरीवर चालायची. मोटेचे नाडे मांगाने वळायचे. पण टाकाऊतून मोल निर्माण करणाऱ्याच्या वाट्याला मूठभर बलुते आणि जन्मभराचा विटाळ येई. काम नाकारण्याची मुभा त्याला नव्हती. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, ते माणूसपणासाठी. मिळकतीच्या हिशेबाने त्याचे मोजमाप होत नाही.

मग टाकाऊच्या धंद्यात सन्मान शक्यच नाही काय? पुण्याचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून तिकडे गेलेल्या कित्येक दलित स्त्रियांनी उकिरड्यावर कागद, काच, पत्रा वेचून घर चालविले. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे या कष्टकऱ्यांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिने महानगरपालिकेशी घरोघरचा कचरा उचलण्याचा करार केला. घरमालक दरमहा शुल्क देतात. भंगार विकून येणारा पैसा वेचणारीचाच असतो. पहिल्या करारानंतर मुदतवाढीसाठी त्यांना झगडावे लागले, हेही विसरता कामा नये. संघटना नसती तर झगडणार तरी कोण होते?

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. मे 2023 मध्ये सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर दगावले. अशा जीवघेण्या सफाईला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. मैल्यापासून उत्तम खत होते, हे शास्त्र खरे आहे. परंतु यंत्राऐवजी माणूस टाकीत उतरणार असेल, तर त्या खताचे गोडवे मी गाणार नाही.

म्हणून उद्या परभणीत पऱ्हाटीच्या कांड्यांचा, कचऱ्याच्या खताचा वा भंगाराचा उद्योग उभा राहील, तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. यंत्र आणि नफा यांची मालकी कष्टकऱ्यांकडे आहे काय? कामात जिवाची हमी आहे काय? आणि त्यांची मुले हे काम सोडून दुसरीकडे जाऊ शकतात काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तो गावगाडाच आहे. फक्त त्याची पाटी नवी आहे.