ठराव ३३७९ : मंजुरी ते माघार

१० नोव्हेंबर १९७५ : झायोनिझम (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ) हा वंशवादाचाच एक प्रकार असल्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मंजूर. बाजूने ७२, विरोधात ३५, तटस्थ ३२. भारत बाजूने. इस्रायलचे राजदूत हाइम हर्झोग यांनी व्यासपीठावरच ठरावाची प्रत फाडली.

संसदांचा दबाव : अमेरिकी काँग्रेसने ठरावाचा निषेध केला, १९८५ मध्ये संयुक्त ठराव करून तो निषेध पुन्हा नोंदवला. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेनेही ठराव मागे घेण्याची मागणी केली. मात्र आमसभेचा ठराव फक्त आमसभाच फिरवू शकते. त्यामुळे संसदांच्या ठरावांचे मोल राजकीय दबावापुरतेच होते.

वारे फिरले : शीतयुद्ध ओसरले, सोव्हिएत गटाचा पाठिंबा आटला. सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आमसभेतच ठराव रद्द करण्याचे आवाहन केले. अरब-इस्रायल शांततेसाठीच्या माद्रिद परिषदेला येण्यासाठी इस्रायलचीही हीच अट होती.

१६ डिसेंबर १९९१ : ठराव ४६/८६ ने जुना निष्कर्ष रद्द. बाजूने १११, विरोधात २५, तटस्थ १३. मजकूर जेमतेम एका वाक्याचा, कारणमीमांसा शून्य.

भारत : या वेळी रद्द करण्याच्या बाजूने. जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध.