चामडे तासणारा रंधा

कातडी बांधणीचा एखादा जुना ग्रंथ ग्रंथालयात पाहावयास मिळाला, तर त्याच्या पुठ्ठ्याच्या कडेवरून हलकेच बोट फिरवून पाहा. तेथे चामडे आत दुमडलेले असते. पण चांगल्या बांधणीत दुमडीचा उंचवटा बोटाला फारसा जाणवत नाही. ती कड बांधणाराने आधीच तासून जवळजवळ कागदाइतकी पातळ केलेली असते. तसे न केल्यास कोपरे फुगतात आणि पाठीजवळचा सांधा ताठ राहून ग्रंथ नीट उघडत नाही.

चामडे नेहमी आतल्या, म्हणजे मांसाकडच्या बाजूने तासावयाचे. आपल्याकडे चर्मकार यासाठी रापी वापरतो. युरोपातील बांधणी कारागिरांपाशीही सुरी होतीच. परंतु रुंद पट्टा सुरीने सारखा तासणे मोठे कठीण. म्हणून त्यांनी चाकाचे आरे तासण्याचे हत्यार उसने घेतले. मध्ये पाते व दोहों बाजूंना मुठी असा हा लहानसा रंधा. मात्र तो लाकडासाठी घडविलेला! लाकूड पात्यापुढे स्थिर राहते; चामडे मऊ असल्याने गोळा होते. तेव्हा कारागिरांनी पात्याची धार अधिक निमुळती घासली, ढलप्या अडकू नयेत म्हणून रंध्याचे तोंड कानशीने रुंद केले आणि पात्याचे कोपरे किंचित गोल केले. एरवी ते चामड्यात रुतून चरे पडतात.

चामडे ठेवावयास गुळगुळीत, जड आसन हवे. तेही दुसऱ्या धंद्यातूनच आले. सेनेफेल्डर याने जर्मनीत १७९६ च्या सुमारास शिळाछापाची युक्ती शोधली. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडेही कित्येक मराठी पुस्तके शिळाप्रेसवर छापली गेली. छापखान्यांनी टाकून दिलेल्या या चुनखडीच्या शिळा बांधणी करणाऱ्यांच्या कामी आल्या. लोखंड कापणाऱ्या करवतीच्या जुन्या पात्यालाही धार लावून काही जण त्याची सुरी करतात.

शिळेवर वाळूचा एक कण राहिला, तरी तेथे चामडे वर उचलले जाते, पाते नेमके तेथेच खोल जाते आणि भोक पडते. पण न दिसणारी चूक याहूनही वाईट. दिसावयास सुबक म्हणून चामडे फार तासले, की त्याचे बळ जाते व काही वर्षांत सांधा तुटतो. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने १९०५ च्या अहवालात या अतिरेकाला दोष दिला होता. म्हणून जाणता कारागीर दोन-चार हात फिरवले, की थांबतो, कड दुमडून बोटांनी चाचपतो आणि मगच पुन्हा रंधा उचलतो.