पुण्याच्या छोट्या ब्रुअऱ्या : ताज्या बिअरचे गणित आणि कायद्याची चौकट

देशातील बिअरच्या बाजारावर मोजक्या मोठ्या कंपन्यांचे वर्चस्व असले तरी गेल्या दीड दशकात पुणे आणि परिसरात स्वतंत्र, छोट्या ब्रुअऱ्यांनी आपले स्थान निर्माण केले आहे. या ब्रुअऱ्या जेथे बिअर तयार करतात, बहुधा तेथेच ती ग्राहकाला देतात. त्यांचे वैशिष्ट्य त्यातच आहे आणि त्यांच्या अडचणींचे मूळही त्यातच आहे.

२००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक, तर बिअर बनविण्याची जबाबदारी ऑलिव्हर शाऊफ या जर्मन तज्ज्ञाकडे होती. देशातील अशा प्रकारच्या पहिल्या काही प्रयत्नांत तिची गणना होते. नावाची कथा मराठी वाचकाला रंजक वाटेल. इंग्रजी बोलीत 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला. हा शब्द आला तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेले ब्रिटिश सैनिक कंटाळ्याने वेडावत. या अवस्थेला 'डूलाली टॅप' म्हणत, आणि त्यातील 'टॅप' म्हणजे आपला ताप.

पुढे २०१४ मध्ये मुंढवा येथे 'इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी' उभी राहिली. त्यानंतर शहरात अशा ब्रुअऱ्यांची संख्या वाढत गेली. मधापासून मीड हे पेय बनविणारा उद्योगही पुण्यातच आकारास आला. पुण्याला ही विद्या अगदीच नवी मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दापोडी येथे मीकिन कंपनीची ब्रुअरी होती. तिचा ग्राहक प्रामुख्याने छावणीतील गोरा शिपाई होता. आजचा ग्राहक माहिती तंत्रज्ञान आणि वाहन उद्योगातील तरुण नोकरदार आहे.

बिअर कशी तयार होते?

आपल्याकडे सर्वच मद्यांना सरसकट 'दारू' म्हटले जाते. परंतु बिअर ही केवळ किण्वनाने म्हणजे आंबवून तयार होते, तर मोहाची दारू किंवा व्हिस्की यांसाठी आंबवलेल्या द्रवाचे ऊर्ध्वपातन करावे लागते. या दृष्टीने छत्तीसगड आणि झारखंडमधील आदिवासींची तांदळाची हंडिया ही बिअरचीच नातलग ठरते.

बिअरचा मुख्य घटक बार्ली म्हणजे सातू. सातूला मोड आणून ते वाळवले की माल्ट मिळतो. भरडलेला माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला असता त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. हा गोड काढा गाळून सुमारे तासभर उकळतात. त्याच वेळी त्यात हॉप्स या वेलीची फुले घालतात. कडवटपणा आणि सुगंध येतो तो या फुलांमुळे. नंतर काढा थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. एल प्रकारची बिअर २० अंशांच्या आसपास काही दिवसांत आंबते. लागर प्रकारासाठी बरेच कमी तापमान आणि काही आठवड्यांचा अवधी लागतो. लागरमुळे टाकी अडकून पडते आणि शीतकरणाचा खर्चही वाढतो. छोट्या ब्रुअऱ्यांचा ओढा एल आणि गव्हाच्या बिअरकडे असण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

मोठ्या कारखान्यांतील बाटलीबंद बिअर सहसा गाळून पाश्चरीकृत केलेली असते. त्यामुळे ती महिनोन्महिने टिकते. छोट्या ब्रुअरीतील बिअर बहुधा गाळली जात नाही व पाश्चरीकृतही केली जात नाही. ती चवीला भरदार असते. पण सतत थंड ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते.

कच्च्या मालाचा प्रश्नही सोपा नाही. भारतात सातूचे पीक मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हरियाणात येते. विशेष प्रकारचा माल्ट आणि बहुतेक हॉप्स परदेशातून आणावे लागतात. महाराष्ट्रातील सोलापुरी ज्वारी, कोकणातील आंबा किंवा कोकम वापरून पाहण्याचे प्रयोग या मंडळींना म्हणूनच आकर्षित करतात. मात्र कोकमाने हॉप्सची जागा भरून निघत नाही, हे मान्य करावे लागेल. बिअर काढून झाल्यावर उरणारा माल्टचा ओला चोथा जनावरांना खाद्य म्हणून चालतो. शंभर लिटर बिअरमागे तो सुमारे २० किलो निघतो. पण एक-दोन दिवसांत तो आंबट होऊ लागत असल्याने गोठा जवळ असणे आवश्यक असते.

कायद्याची चौकट

राज्यघटनेनुसार मद्य हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचे नियम आणि कर वेगळे. महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. बंदीच्या हेतूने रचलेल्या या चौकटीतच परवाने दिले जातात. द्राक्षांपासून होणाऱ्या वाइनला राज्याने २००१ च्या धोरणाद्वारे उत्पादन शुल्कात सवलत दिली, कारण त्यामागे नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार उभा होता. बिअरच्या पाठीशी राज्यातील असा कोणताही शेतकरी नाही. सवलतीच्या मागणीला राजकीय बळ मिळत नाही, ते या कारणाने.

बाहेरून आलेल्या आघातांनीही या व्यवसायाची परीक्षा पाहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ मधील निर्णयानुसार १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांलगत ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस बंदी आली. बाटल्यांचे दुकान हलवता येते. पण जमिनीत रोवलेल्या टाक्या, वाफेच्या नळ्या आणि शीतकरण यंत्रणा हलवणे सोपे नाही. त्याच वर्षी महापालिका हद्दीसंदर्भात न्यायालयाने खुलासा केला आणि शहरांतील व्यावसायिकांना दिलासा मिळाला.

मार्च २०२० मधील टाळेबंदीचा फटका याहून मोठा होता. ग्राहक येऊ शकत नव्हते आणि बाहेर विक्रीची सोय नव्हती. टाक्यांमधील ताजी बिअर टिकणारी नसल्याने ती गटारात ओतून देण्याची वेळ पुण्यातील ब्रुअऱ्यांवर आली. त्यानंतर राज्य सरकारने 'ग्राउलर' म्हणजे झाकणबंद भांड्यातून ताजी बिअर घरी नेण्यास मुभा दिली. मोठ्या कंपन्यांकडे बाटल्या, गोदामे आणि वितरकांचे जाळे होते. छोट्यांकडे होता तो फक्त नळ, आणि तो बंद पडला की उत्पन्नही बंद, हे त्या काही महिन्यांत दिसून आले. काही ब्रुअऱ्यांनी यानंतर कॅन आणि बाटल्यांकडे मोर्चा वळवला. तेथे मात्र त्यांची स्पर्धा थेट मोठ्या कंपन्यांशी आहे.