पाठीवरचे लाल वळ

एखाद्या माणसाच्या उघड्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लाल-जांभळे वळ उठलेले दिसले, तर आपल्या मनात पहिला विचार कोणता येईल? याला कोणीतरी मारले, हाच! पण तीच पाठ एखाद्या चिनी आजीबाईने पाहिली, तर तिला त्यात मार दिसणार नाही. याची पाठ दुखत होती आणि कोणीतरी मायेने उपचार केला, एवढेच ती ओळखेल. या उपचाराचे नाव 'ग्वा शा'. 'ग्वा' म्हणजे खरवडणे आणि 'शा' म्हणजे खरवडल्यावर त्वचेवर उमटणारे बाजरीच्या दाण्यासारखे तांबडे ठिपके.

उपचाराची रीत अगदी साधी आहे. दुखऱ्या जागी तेल किंवा मलम लावायचे. मग गुळगुळीत, बोथट कडेची वस्तू थोडी तिरपी धरून, बेताचा दाब देत, एकाच दिशेने पुन्हा पुन्हा ओढायची. घरी यासाठी नाणे किंवा सूप पिण्याचा चिनी मातीचा चमचा वापरतात. वैद्याकडे म्हशीच्या शिंगाची किंवा जेड नावाच्या दगडाची पट्टी असते. ठिपके नीट उमटले की तेथले काम थांबवून पुढची जागा घ्यायची. कातडी फाटता कामा नये, हा पहिला नियम. वळ साधारण दोन ते पाच दिवसांत मावळतात.

यामागची चिनी वैद्यकाची कल्पना अशी की, शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती आणि रक्त सतत वाहते असले पाहिजे. प्रवाह कोठे तुंबला की तेथे दुखू लागते. खरवडल्याने साकळलेले रक्त वर येते आणि वाट मोकळी होते. 'शा' विकारांवर गुओ चशुइ या वैद्याने १६७५ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मात्र हा उपचार केवळ ग्रंथातला किंवा केवळ चीनमधला नाही. इंडोनेशियात त्याला 'केरोकान' म्हणतात, तर व्हिएतनाममधल्या त्याच्या नावाचा अर्थच 'वारा खरवडून काढणे' असा आहे. अंगात वारा शिरल्याने दुखणे येते, अशी तेथील लोकांची समजूत. 'वाताने अंग धरले' म्हणणाऱ्या आपल्या आजीला ही भाषा परकी वाटणार नाही!

आता आधुनिक विज्ञान काय म्हणते ते पाहू. ते ठिपके म्हणजे काही विष बाहेर पडत नसते. त्वचेतील अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतून थोडे रक्त झिरपते, तेच लाल दिसते. पुढे शरीर ते शोषून घेते. २००७ साली आर्या नील्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. खरवडलेल्या जागी त्वचेतील सूक्ष्म रक्ताभिसरण पहिली साडेसात मिनिटे चौपट वाढल्याचे त्यांना आढळले. २०११ साली जर्मनीत मानदुखीच्या अठ्ठेचाळीस जुनाट रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटावर एकदा ग्वा शा केले, दुसऱ्याला शेक दिला. आठवड्यानंतर ग्वा शा केलेल्यांचे दुखणे अधिक कमी झालेले दिसले. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याला कोणता उपचार मिळाला, हे रुग्णाला कळतच असते. म्हणून गुण किती उपचाराचा आणि किती विश्वासाचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. शिवाय अठ्ठेचाळीस ही संख्याही लहानच. तेव्हा स्नायूंच्या दुखण्यात काही काळ आराम पडू शकतो, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

परंतु या वळांनी माणसांना संकटातही टाकले आहे. १९७५ साली व्हिएतनाम युद्ध संपल्यावर तेथील हजारो निर्वासित अमेरिकेत गेले. त्यांच्या मुलांच्या पाठीवर वळ पाहून डॉक्टरांना मारहाणीचा संशय येऊ लागला. आईने केलेला उपचार हाच आईवरचा आरोप ठरू लागला! २००१ साली चंग श्याओलुंग या दिग्दर्शकाने याच विषयावर 'ग्वा शा' नावाचा चित्रपट काढला. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाकडे चीनहून आजोबा येतात. नातू आजारी पडतो; औषधावरचे इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते आपल्या माहितीतला उपचार करतात. त्या वळांमुळे प्रकरण न्यायालयात जाते आणि मूल आईबापांपासून दुरावते. शेवटी एक अमेरिकन गृहस्थ स्वतःच्या पाठीवर ग्वा शा करवून घेतो, तेव्हा कोठे त्याला खरे काय ते उमगते.

याचा अर्थ, प्रत्येक वळ निर्दोष असतो असे मुळीच नाही. मूल खरोखर मार खात असेल, तर ते ओळखलेच पाहिजे. म्हणून पाहणाऱ्याने आधी विचारावे, मग ठरवावे.

आणि करणाऱ्यानेही मर्यादा ओळखावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, रक्तस्रावाचा विकार असणाऱ्यांनी यापासून दूरच राहावे. जखम, पुरळ किंवा तीळ असलेल्या जागी खरवडू नये. एकाची पट्टी निर्जंतुक न करता दुसऱ्याला वापरू नये, कारण न दिसणाऱ्या रक्तातूनही रोग पसरतो. ताप उतरत नसेल, छातीत दुखत असेल, हातपाय बधिर होत असतील, तर चमचा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

चार बुके शिकली की घरच्या उपचारांना हसायची सवय आपल्याला लागते. उलट काहीजण जुने म्हणजे सारेच खरे मानतात. ग्वा शाची हकीकत या दोघांनाही थोडे थांबायला सांगते. आजीला विचारावे, डॉक्टरांनाही विचारावे. आणि दोघांचे उत्तर ऐकून घेण्याइतका धीर आपल्यापाशी असावा. शिक्षणाचा उपयोग तरी दुसरा कोणता?